अलास्कातील वैमानिकाची वर्दी



महाराष्ट्रात घराबाहेर पडणारा माणूस 'जातो' असे म्हणत नाही, 'येतो' असे म्हणतो. उंबरठ्यावर उच्चारल्या जाणाऱ्या या शब्दात परतण्याचे आश्वासन असते, आणि मागे राहिलेल्यांनी वाट पाहावी, उशीर झाल्यास चौकशी करावी, अशी अपेक्षाही असते. विमानविद्येत या 'येतो'ला एक शास्त्रशुद्ध रूप दिलेले आहे. त्याला उड्डाण-आराखडा म्हणतात. आजच्या भाषणाचा विषय हा आराखडा आहे. परंतु तो मोठ्या विमानतळावरील नव्हे. जेथे रस्ते नाहीत, दूरध्वनी पोचत नाही आणि संदेशवहनाची साधने पुष्कळ ठिकाणी जुनी झालेली आहेत, अशा दुर्गम प्रदेशातील एकट्या वैमानिकाने द्यावयाच्या वर्दीचा हा विषय आहे. असा प्रदेश म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलास्का.

अलास्काचे क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पट आहे. लोकसंख्या मात्र २०२० च्या शिरगणतीनुसार ७ लाख ३३ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी. तेथील सुमारे ८२ टक्के वस्त्यांना बाहेरच्या रस्त्यांची जोड नाही. खुद्द राजधानी जूनो येथे मोटारीने जाता येत नाही. बोटीने किंवा विमानाने जावे लागते. साहजिकच आपल्याकडे जी कामे एस. टी. करते, ती तेथे लहान विमान करते. टपाल, औषधे, शाळेतील शिक्षक, आजारी माणूस, किराणा माल हे सारे एक वा दोन इंजिनांच्या विमानातून जाते. उन्हाळ्यात ही विमाने तरंड्यांवर तळ्यांत उतरतात, हिवाळ्यात त्यांना घसरपट्ट्या लावून बर्फावर उतरवितात, आणि काही थोराड चाकांवर नदीकाठच्या वाळूतही टेकतात.

विमान चालविण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत वैमानिक उपकरणांवर विसंबून ढगांतून जातो व जमिनीवरील नियंत्रक त्याच्या मार्गाची काळजी वाहतो. दुसऱ्या पद्धतीत वैमानिक डोळ्यांनी जमीन, डोंगर व नद्या पाहत मार्ग काढतो. या दुसऱ्या पद्धतीच्या नियमांना दृश्य उड्डाण नियम म्हणतात. अलास्कातील लहान विमानांचे बहुतेक उड्डाण या दुसऱ्या प्रकारचे असते. येथे नियंत्रकाचा डोळा विमानावर नसतो. डोंगरापलीकडे विमान कोसळले तर ते कोणाच्याही पडद्यावरून नाहीसे होत नाही, कारण मुळात ते बहुधा कोणाच्या पडद्यावर नसतेच.

अशा उड्डाणाचा आराखडा सादर करणे अमेरिकेत देशांतर्गत प्रवासासाठी सामान्यतः सक्तीचे नाही. आपल्याकडे याहून निराळी रीत आहे. भारतात विमानतळाच्या निकटच्या परिसराबाहेर जाणाऱ्या विमानाला सामान्यतः आराखडा द्यावाच लागतो. उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक आणि हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपल्या आराखड्यात परवानगीचा अंश आहे. अलास्कातील आराखडा ही परवानगी नाही आणि हुकूमही नाही. कोणीतरी आपली वाट पाहावी म्हणून वैमानिकाने स्वखुशीने दिलेली ती वर्दी आहे, आणि तिचे सारे बळ व सारा दुबळेपणा या स्वखुशीत आहे.

या वर्दीत काय असते हे पाहण्यासारखे आहे. विमानाचा क्रमांक, त्याची जात, वेग, निघण्याचे ठिकाण व वेळ, मार्ग, उंची, उतरण्याचे ठिकाण, प्रवासास लागणारा काळ इतके तर कोणीही लिहील. परंतु त्यापुढे टाकीतील इंधन किती तास पुरेल, विमानात एकूण माणसे किती आणि विमानाचा रंग कोणता, हेही विचारलेले असते. सुखरूप पोचणाऱ्या विमानाच्या बाबतीत या तीन माहितींचा कोणासही फारसा उपयोग नाही. त्या शोधणाऱ्यांसाठी आहेत. इंधन किती यावरून विमान आता हवेत असणे शक्य आहे की नाही हे ठरते. माणसे किती यावरून सुटका करणाऱ्या पथकाला शोध कुठे थांबवावा हे कळते. आणि रंग यासाठी की पांढऱ्या हिमनदीवर पांढरे विमान वरून दिसत नाही. २०१९ च्या ऑगस्टपासून अमेरिकेने दृश्य उड्डाणांसाठीही आंतरराष्ट्रीय नमुना लागू केला. त्यातील एकोणिसावा रकाना याच कामासाठी आहे. जीवरक्षक सामान ध्रुवीय, वाळवंटी, सागरी की जंगली यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हेही त्यात सांगता येते. दोन आसनी विमानातून शेजारच्या गावी मासे पोचविणाऱ्या माणसाला जगभरच्या प्रवासी विमानांसाठी बेतलेला हा नमुना पहिल्या दिवशी जडच वाटणार. तरी एकोणिसावा रकाना त्याच्याच हिताचा आहे.

या संदर्भात अलास्का राज्याचा एक जुना कायदा उल्लेखनीय आहे. राज्यातून उडणाऱ्या विमानात प्रत्येक माणसाला आठवडाभर पुरेल इतके अन्न, कुऱ्हाड, प्रथमोपचाराची पेटी, सुरी, आग पेटविण्याचे साधन, मासे पकडण्याचे गळ व दोर, खुणेसाठी धूर वा प्रकाश करणारी साधने आणि प्रत्येकासाठी डासांपासून बचाव करणारी डोक्यावरची जाळी बाळगावी असे तो सांगत असे. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत यात बर्फावर चालण्याची पादत्राणे व झोपण्याची उबदार पिशवी यांची भर पडत असे. कायद्यात गळ आणि डासांची जाळी यांचा समावेश करणारे लोक कल्पनेत रमणारे नव्हेत. पडलेला माणूस जिवंत असू शकतो, मात्र त्याला पुष्कळ दिवस वाट पाहावी लागेल, हे त्यांनी गृहीत धरलेले आहे. ही वाट किती दिवसांची असेल हे बव्हंशी वर्दीवर अवलंबून असते.

वर्दी घेणारी उड्डाण सेवा केंद्रे ही अलास्कातील एक निराळीच संस्था आहे. जुन्या काळी हवाई मार्गावरील बिनतारी ठाणी म्हणून त्यांपैकी कित्येकांचा जन्म झाला. मनुष्यवस्ती विरळ, हिवाळा कडक, आणि ठाण्यातील कर्मचाऱ्यांनी कुटुंबासह तेथेच राहावयाचे. वैमानिक प्रत्यक्ष येऊन कागद भरून देई, दूरध्वनी करी किंवा आकाशातून रेडिओवरून सांगे. मग ती वर्दी दूरमुद्रकाने पुढच्या ठाण्याला जाई. तार तुटली तर लघुलहरींचा रेडिओ होता, परंतु ध्रुवप्रदेशात आकाशात रंगीत प्रकाशाचा खेळ सुरू झाला की नेमके तेच प्रक्षेपण बिघडते. त्यात घड्याळांचा गोंधळ होता. १९८३ पर्यंत अलास्कात चार प्रमाणवेळा होत्या, त्यामुळे वर्दीतील वेळ ग्रीनविचच्या मानाने लिहिण्याला पर्याय नव्हता. या जुन्या साधनांना हसण्याचे कारण नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, तेव्हा त्यांच्या विमानात रेडिओ नव्हता.

पुढे अमेरिकेतील अशी बहुतेक केंद्रे २००५ मध्ये कंत्राटाने खासगी कंपनीकडे सोपविण्यात आली. अलास्कातील केंद्रे मात्र संघराज्याच्या विमान वाहतूक प्रशासनाने स्वतःकडेच ठेवली. फेअरबँक्स, जूनो व केनाय ही त्यांतील तीन प्रमुख केंद्रे. त्यांच्या जोडीला नोम, कॉट्झब्यू, मॅग्रा, डिलिंगहॅम, कोल्ड बे, टॉकीट्ना अशा दूरदूरच्या ठिकाणी लहान केंद्रे राहिली. ज्याला डोंगरातील खिंड माहीत आहे, त्या खिंडीत दुपारनंतर वारा कसा फिरतो हे माहीत आहे, अशा माणसाशी बोलण्यास वैमानिकाला मिळावे, हा त्यामागील विचार होता आणि तो योग्यच म्हटला पाहिजे. कंत्राटाने जे स्वस्त होते ते सर्व ठिकाणी स्वस्त होत नाही.

आता व्यवहारातील अडचणीकडे वळू. आराखडा नुसता सादर करून भागत नाही. निघाल्यावर तो रेडिओवरून 'उघडावा' लागतो आणि उतरल्यावर आठवणीने 'बंद' करावा लागतो. सादर केला पण उघडला नाही, तर कोणी वाट पाहत नाही. उघडला पण बंद केला नाही, तर अपेक्षित पोचवेळेनंतर अर्ध्या तासाने केंद्र चौकशी सुरू करते, आणि घरी जेवावयास बसलेल्या वैमानिकासाठी शोधयंत्रणा हलू लागते. आराखडा बंद करण्याचा विसर हा या व्यवसायातील सर्वांत सामान्य अपराध आहे.

परंतु विसर हा निदान मनुष्याचा दोष आहे. साधनांचा दोष अधिक अवघड. विमानातील नेहमीचा रेडिओ सरळ रेषेत चालतो. मध्ये डोंगर आला की आवाज बंद. म्हणून केंद्रांनी दूरवरच्या टेकड्यांवर रेडिओ बसवून ते तारेने वा उपग्रहाने केंद्राशी जोडले आहेत. ही जोडणी तुटली की वैमानिक बोलत राहतो व ऐकणारे कोणी नसते. नदीकाठी वाळूत उतरलेल्या विमानाला जमिनीवरून केंद्र ऐकू येत नाही. भ्रमणध्वनीलाही तेथे संकेत मिळत नाही. मग वैमानिक काय करतो? उतरण्यापूर्वी उंचीवर असतानाच आराखडा बंद करतो, म्हणजे सर्वांत धोक्याचा क्षण, उतरण्याचा, कोणाच्याही वाट पाहण्याबाहेर जातो. किंवा वरून जाणाऱ्या दुसऱ्या विमानाला निरोप सांगतो. किंवा, आणि ही फार प्रचलित युक्ती आहे, पोचवेळच मुळात पुष्कळ पुढची देतो. दीड तासाच्या प्रवासाला सहा तास लिहिले की खोटा गलका होण्याची भीती उरत नाही. मात्र पहिल्याच तासात इंजिन बंद पडले तर पुढचे पाच तास त्याला कोणी शोधणार नाही. डिसेंबरात फेअरबँक्सला दिवसाचा प्रकाश चार तासांहूनही कमी असतो. तेव्हा सहा तासांची सवलत म्हणजे शोधाला रात्र आणि गोठविणारी थंडी. जुन्या यंत्रणेची खरी किंमत अशा ठिकाणी मोजली जाते. ती पूर्णपणे बंद पडत नाही. तिच्याभोवती वाट काढण्याची माणसांना सवय लागते, आणि त्या वाटेवर सुरक्षितता हळूहळू सांडत जाते.

वर्दीचे बळ आणि मर्यादा दाखविणाऱ्या दोन घटना येथे सांगितल्या पाहिजेत. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी सकाळी अँकरेजहून एक दोन इंजिनी सेसना विमान जूनोकडे निघाले. त्यात अमेरिकी प्रतिनिधिगृहातील बहुमत पक्षाचे नेते हेल बॉग्ज, अलास्काचे प्रतिनिधी निक बेगिच, बेगिच यांचे एक सहायक आणि वैमानिक असे चौघे होते. हवा वाईट होती. वाटेवरील पोर्टेज खिंड बंद असल्याचा अंदाज होता. निघाल्यानंतर काही मिनिटांनी वैमानिकाने रेडिओवरून दृश्य उड्डाणाचा आराखडा दिला: साडेतीन तासांचा प्रवास, सहा तासांचे इंधन. आणीबाणीचे स्थानदर्शक उपकरण बरोबर असल्याचेही त्याने सांगितले. त्यानंतर त्या विमानाचा आवाज कोणी ऐकला नाही.

वर्दी असल्यामुळे विमान पोचले नाही हे त्याच दिवशी कळले आणि शोधही लगेच सुरू झाला. तो ३९ दिवस चालला. सुमारे सव्वातीन लाख चौरस मैल, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पावणेतीन पट प्रदेश धुंडाळण्यात आला. काहीही सापडले नाही. शोध चालू असतानाच नोव्हेंबरात निवडणूक झाली व दोघेही बेपत्ता लोकप्रतिनिधी निवडून आले. चौकशीत असे आढळले की वैमानिकाचे सुवाह्य स्थानदर्शक उपकरण फेअरबँक्स येथे दुसऱ्या एका विमानात राहिले होते. वर्दीने कोणाला शोधावयाचे व केव्हापासून हे सांगितले. कोठे शोधावयाचे हे सांगणारे उपकरण विमानात नव्हते. ते विमान अद्यापही सापडलेले नाही.

दुसरी घटना याच्या उलट बाजूची आहे. ९ ऑगस्ट २०१० रोजी दुपारी नैर्ऋत्य अलास्कातील एका तळ्यावरून नऊ माणसे घेऊन एक ऑटर जातीचे तरंडी विमान नुशागाक नदीवरील मासेमारीच्या शिबिराकडे निघाले. अलास्काचे माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स त्यात होते. अँकरेजच्या विमानतळाला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले होते. प्रवास लहान, वाट पायाखालची. उड्डाण-आराखडा दिलेला नव्हता. पाऊण वाजता नव्हे, पावणेतीनच्या सुमारास विमान डोंगरउतारावर आदळले. यावेळी स्थानदर्शक उपकरण विमानात होते, नव्या पद्धतीचे होते. परंतु आघाताने ते आपल्या बैठकीतून निसटले, आकाशतारेशी असलेली त्याची जोडणी तुटली आणि उपग्रहापर्यंत संकेत गेलाच नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास निवासगृहातून शिबिराला मंडळी केव्हा परतणार अशी विचारणा झाली, तेव्हा ती तेथे पोचलीच नव्हती हे उघड झाले. त्या भागातील वैमानिक तत्काळ शोधास निघाले आणि साडेसातच्या सुमारास भग्न विमान दिसले. पाच जण मरण पावले होते, त्यांत स्टीव्हन्स होते. चौघे जखमी अवस्थेत जिवंत होते. खराब हवेमुळे त्यांना खाली आणण्यास दुसरा दिवस उजाडला.

त्या चौघांनी पावसात काढलेल्या तासांचा हिशेब मांडला तर वर्दीचे मोल कळते. अर्ध्या तासाच्या प्रवासाचा आराखडा उघडा असता तर पावणेचारच्या सुमारास कोणीतरी दूरध्वनी उचलला असता. हे सांगताना कोणावर दोष ठेवण्याचा हेतू नाही. नित्याच्या वाटेला माणूस वर्दी देत नाही, हे आपल्याही अनुभवाचे आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत साधने बदलली नाहीत असे नाही. १९९९ पासून अलास्कात खिंडी व धावपट्ट्यांवर हवामान दाखविणारे कॅमेरे बसविण्यास सुरुवात झाली आणि त्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. वैमानिक निघण्यापूर्वी खिंडीचे आजचे चित्र आणि स्वच्छ दिवसाचे चित्र शेजारी ठेवून पाहू शकतो. त्याच वर्षी सुरू झालेल्या कॅपस्टोन प्रकल्पाने बेथेलच्या परिसरातील लहान विमानांना आपले स्थान स्वतः कळविणारी यंत्रे दिली. आज जगभर वापरात असलेल्या पद्धतीची ती पहिली मोठी कसोटी होती. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झ लहरीवरील संकेत ऐकणे उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून थांबविले, कारण त्यांतील बहुसंख्य संकेत खोटे असत. खिशात मावणाऱ्या उपग्रह-संदेश यंत्राची उड्डाण-आराखड्याशी सांगड घालण्याची सोयही अलास्कातील केंद्रांनी केली आहे.

तरीही चित्र समाधानकारक नाही. २००८ ते २०१७ या काळात अलास्कातील विमान अपघातांचे प्रमाण उर्वरित अमेरिकेच्या २.३५ पट होते, असे तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने फेब्रुवारी २०२० मध्ये निदर्शनास आणले. स्वयंचलित हवामान केंद्रे अनेकदा मुकी होतात. त्यांतील कित्येकदा यंत्र चालू असते, पण माहिती वाहून नेणारी दूरसंचार तार बंद असते. २०२४ मध्ये अमेरिकी संसदेने संमत केलेल्या विमान वाहतूक कायद्यात अलास्कासाठी खास तरतूद करून या दुरुस्तीकडे लक्ष वेधले आहे. या उपक्रमाला डॉन यंग यांचे नाव दिलेले आहे. निक बेगिच परत आले नाहीत म्हणून १९७३ मध्ये जी पोटनिवडणूक झाली, तीत निवडून आलेले प्रतिनिधी ते हेच.

कायदा झाला तरी तार जोडावयास डोंगरावर माणूसच जातो, आणि तोही विमानानेच. तोवर केंद्रातील रात्रपाळीचे काम पूर्वीप्रमाणे चालू असते. एखाद्या विमानाची वेळ टळून अर्धा तास होतो. कर्मचारी प्रथम रेडिओवर हाक मारतो. मग निघाल्या ठिकाणी विचारतो, विमान खरोखर गेले काय. मग उतरण्याच्या गावी ओळखीच्या माणसाला दूरध्वनी करतो: धावपट्टीवर जाऊन बघता काय, पिवळ्या रंगाचे, लाल पट्ट्याचे विमान उभे आहे काय? तो माणूस बूट चढवून, विजेरी घेऊन बाहेर पडतो. पुष्कळदा विमान तेथे असते, पंख दोरांनी बांधलेले, आणि शेजारच्या तंबूत वैमानिक झोपलेला असतो. त्याला उठवून चार शब्द ऐकविले जातात. केंद्रात आराखड्यावर वेळ लिहिली जाते आणि तो बंद होतो. विमान तेथे नसेल, तर पुढचा दूरध्वनी अँकरेजजवळच्या हवाई तळावरील शोध व सुटका समन्वय केंद्राला जातो, आणि त्या संभाषणात पहिले प्रश्न माणसे किती, इंधन किती आणि रंग कोणता, हेच असतात.